आईच्या रक्तातलं मीठ

९ नोव्हेंबर, रविवार

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. लॅबमध्ये एकजण रजेवर आहे, त्यामुळे सकाळचे सगळे रक्ताचे नमुने माझ्याच गळ्यात पडलेत. घरी ठीक. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला, तो पुन्हा गळतोय. शेजारच्या शिंपीणकाकू तुझी आठवण काढतात. तुझा एक झगा अजून त्यांच्याकडे पडून आहे. आता तो तुला होईल का, असं त्यांनी विचारलं, मी नाही.

आई बरी आहे. बरी म्हणजे कटकट करण्याइतकी बरी.

चिमूटभर मिठाने माणूस इतकं कसं बदलतं, असं तू विचारलंस. मी दिवसभर परक्यांच्या रक्तात हेच मोजते, पण आईच्या रक्ताची नळी मशीनला लावताना अजून तिचं नाव दोनदा वाचून बघते. ऐक. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार. सोडियम पेशींच्या बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. पेशीच्या पातळ पडद्यात प्रथिनांची दारं असतात. त्यांतून या दोघांची ये-जा होते, तेव्हा कुठे मेंदूतला निरोप पुढे सरकतो. हात उचलणं, नाव आठवणं, राग धरणं, सगळं त्याच्यावर. आईच्या फुप्फुसाच्या दुखण्यामुळे तिचं शरीर पाणी सोडतच नाही. पाणी साठलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि पाणी पेशींत शिरायला लागतं. बाकीच्या अंगाला थोडी सूज सोसवते. मेंदू कवटीत बंद, तो फुगून जाणार कुठे? म्हणून पाणी मोजून द्यायचं आणि मिठाच्या गोळ्या वेळेवर. तहानेने ती अगदी कासावीस होते. चोखायला बर्फाचा खडा दिला तर माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तिला डांबून ठेवलंय.

गेल्या महिन्यात तिला उलट्या होत होत्या आणि गोळ्या पोटात राहात नव्हत्या. तेव्हाचं तुला सगळं लिहिलं ते उगाच लिहिलं, असं आता वाटतं. चष्मा फ्रिजमध्ये, दूध कपड्यांच्या कपाटात. मी कामावरून आले तर खुर्चीतून म्हणाली, "आलीस का ग? किती वाळलीस!" वाळलेली, मी! तिला तूच दिसत होतीस. मग मला पायाशी बसवून माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. "सही केलीस ना बाळ? असू दे. सुटले ते. तू जेवलीस का?"

बाबांचं श्वासाचं मशीन काढायच्या कागदावर तुझी सही आहे, म्हणून तुला घरात पाऊल टाकू न देणारी ही आई.

आणि आता तू लिहितेस, "ताई, मी येण्याआधी दोन दिवस तिच्या गोळ्या बंद कर. मला एकदाच जवळ घेऊ दे तिला. मग घाल वाटेल तेवढं मीठ."

आधी तुझा संताप आला. मग रडू आलं. तू हे किती जीव तुटून लिहिलं असशील, ते मला कळतं ग.

पण मी तुला पुढचं सांगितलं नव्हतं. केस कुरवाळता कुरवाळता तिचा हात आखडला, डोळे फिरले, झटका आला. जीभ दाताखाली आली. मी तिला जमिनीवर कुशीवर धरून बसले होते, आणि फरशीवर रक्त. इस्पितळात सोडियम थेंबाथेंबाने चढवावं लागलं, कारण घाईने चढवलं तरी मेंदूला इजा होते. म्हणून सांगते, नाही. तुझं मी ऐकणार नाही.

हे झालं डॉक्टरांपुढे सांगण्यासारखं कारण. दुसरं माझं आहे. इतकी वर्षं मी तिच्याजवळ राहते, तिने माझ्या केसांना असा हात लावल्याचं मला आठवत नाही. लावला तो तू समजून. आणि मी 'अगं, मी ताई' असं म्हटलंच नाही, गुपचूप बसून राहिले. पुन्हा तसं बसणं माझ्याने होणार नाही. हेवा म्हण हवं तर.

तरी तुझ्यासाठी एक करून बघितलं. परवा सकाळी तिचं डोकं अगदी साफ होतं, रिपोर्ट मीच काढला होता. तिला सगळं सांगितलं. मीठ उतरलं की तू धाकटीला हाका मारतेस, सहीचंही तिला माफ करतेस, आणि ती यायचं म्हणतेय.

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं, विरघळली.

"मी असं म्हणाले?"

"हो."

"आणि गोळी घेतली की?"

"गोळी घेतली की तिचं नावही काढू देत नाहीस."

तिने हात पुढे केला. "मग आण गोळी."

तेव्हापासून तिच्या मागे लागावं लागत नाही. पूर्वी गोळी बघून तोंड वेंगाडायची, आता वेळेआधीच मागते. पाणी मात्र मागत नाही. ओठ सुकून फुटलेत, तरी तोंड मिटून बसते. रिपोर्ट इतके चांगले येताहेत की डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. माझ्याकडे म्हणून ये. पण तू येशील तेव्हा आई पूर्ण शुद्धीत असेल, आणि ते तिने स्वतः ठरवलंय.

तुझं न ऐकणारी, पण तुझीच,
ताई