खिडक्या माझ्या मापाच्या

…आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, मामा. परवा फोनवर मी फक्त ‘खिडक्या चुकल्या’ एवढंच म्हटलं आणि तुम्ही जे हसत सुटलात ते ठसका लागेपर्यंत. मग मामीने फोन घेतला आणि तीही हसली (तिला काय झालंय ते माहीतसुद्धा नव्हतं, ती नुसती तुमच्या हसण्याला हसली), आणि मी फोन कट केला. उद्धटपणा झाला, मान्य. पण सुरुवात तुम्ही केलीत. तुमच्याशी फोनवर भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय की आधी नमस्कार असतो, तब्येतीची विचारपूस असते, असं कुत्र्यासारखं अंगावर जात नाहीत. बरं. ती. मामांना आणि मामीला नमस्कार, वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मामी डोळ्यांत थेंब घालते ना वेळेवर? आम्ही सगळे ठीक. झालं विचारून. आता परत अंगावर येते.

तुम्हाला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला ती गंमत वाटते. एकदा सलग ऐका. माझे दोन घोडे, राणीसरकार आणि चिल्लर. (ही पिल्लं नाहीत, मामा. पूर्ण वाढलेले, छोट्या जातीचे घोडे आहेत, माझ्या कमरेएवढे. तरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, ‘मोठे कधी होणार?’ तुम्हीही विचारलंत. दोनदा.) ते राहतात ती शेड महिनाअखेर रिकामी करायची आहे, कारण मालकाला तिथे गोदाम बांधायचंय. नवी जागा मिळालीय, छान आहे, चरायला भरपूर आहे, पण सहा तासांवर. आणि राणीसरकारला दम लागतो. मागच्या वेळी तिला मालाच्या बंद गाडीतून आणलं, फक्त दोन तास. दार उघडलं तर बादलीतून काढल्यासारखी घामाने भिजलेली, चारही पाय थरथरतायत, आणि मी हाक मारली तर मान वळवली नाही. आमच्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाई तिच्या छातीला नळी लावून दोन्ही बाजूंनी ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, “असा आणखी एक प्रवास करवलास ना, तर मला बोलावू नकोस. उचलायला चार माणसं बोलाव.”

म्हणून मी तो जुना मालाचा ट्रेलर घेतला, गाडीमागे जोडायचा, चारी बाजूंनी पत्रा आणि वर पत्र्याचं छत, आणि ठरवलं की ह्याला खिडक्या करायच्या. नुसत्या नाही, विचार करून. तीन आठवडे वाचलं मी. कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेला एवढं वाचलं नव्हतं. तर बघा, उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात गरम हवा वर जाते, ती जायला छतात झाकणवाली भोकं हवीत. घोडे उभ्या उभ्या मुततात (सॉरी, पण हाच मुद्दा आहे), आणि त्याची ती डोळे झोंबणारी वाफ सगळ्यात जास्त असते जमिनीलगत. मोठ्या घोड्याचं नाक असतं वर, त्याचं काही अडत नाही. माझ्या घोड्यांचं नाक बरोब्बर त्या वाफेत! म्हणून ताजी हवा खालून, जाळीतून आत यायला पाहिजे. आणि बघायच्या खिडक्या त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे तीन फुटांवर, बाहेरून गज, कारण चिल्लर कुठेही डोकं घालतो आणि मग ते काढायला आम्हाला बोलावतो. हे सगळं मी काढलं. अकरा पानं. बाण दाखवून, हवा निळ्या रंगाची आणि वाफ पिवळ्या रंगाची. बाबा म्हणाले, छान आहे, भिंतीवर लाव.

आणि कोणाकडे नेलं? तुमच्या माणसाकडे. ‘माझ्या हाताखाली तयार झालाय, डोळे मिटून काम दे,’ हे तुमचे शब्द. डोळे त्याने मिटले.

वेल्डरदादांनी माझी अकरा पानं घेतली, उलटी धरली, सुलटी धरली आणि त्यांच्यावर चहाचा ग्लास ठेवला. मग विचारलं, “जनावर कुठंय?” मी म्हटलं, जनावराची गरज काय, सगळी मापं लिहिलीयत. ते म्हणाले, “ताई, एकदा जनावर आणा.” मी म्हटलं, तिला उगाच गाडीत घालून त्रास देणार नाही, तुम्ही वाचा. मग मला म्हणाले, त्या दारापाशी जरा सरळ उभ्या राहा. मला वाटलं मी उजेड अडवतेय. उभी राहिले. त्यांनी माझ्या कानाजवळ दाराच्या चौकटीवर खडूने काहीतरी केलं आणि म्हणाले, झालं, शनिवारी या. मी घरी येऊन बाबांना सांगितलं की कमी बोलणारी माणसं किती हुशार असतात.

शनिवारी बाबा आणि मी गेलो. मामा, ट्रेलर इतका सुंदर दिसत होता! दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या, सरकत्या काचा, बाहेरून गज, कडा अशा घासलेल्या की बोट फिरवावं. मी आत जाऊन खिडकीशी उभी राहिले. समोर रस्ता दिसत होता, तोंडावर मस्त वारा येत होता. मी एक मिनिटभर अत्यंत खूश होते. मग माझ्या डोक्यात आलं की मला का दिसतंय? मी तिथेच गुडघ्यांवर बसले, हात टेकले, मान घोड्यासारखी केली. अंधार. चारी बाजूंना करडा पत्रा. वर कुठेतरी, देवळाच्या कळसाएवढ्या उंचीवर, माझ्या त्या सहा सुंदर खिडक्या! आणि कोपऱ्यात एक घडीची खुर्ची, पत्र्याला पक्की केलेली. ती माझ्यासाठी होती.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही, आई वाचतेय. वेल्डरदादा एका शब्दाने चिडले नाहीत, ह्याचा तर मला जास्त राग आला. शांतपणे म्हणाले, “मोठ्या मिस्त्रींनी शिकवलंय. कागदाचं माप घ्यायचं नाही, बसणाऱ्याचं घ्यायचं. कागद कुणीही लिहितं. जनावर तुम्ही आणलं नाही, तुम्ही आलात, तुमचं घेतलं.” मोठे मिस्त्री म्हणजे कोण, ते सांगायला नको. चाळीस वर्षं गाड्यांचे सांगाडे बांधलेत तुम्ही, आणि इतक्या वर्षांत एकदाही तुम्हाला वाटलं नाही की शिष्याला सांगावं, बाबा रे, कधी कधी कागदही वाच? इंग्लिश मीडियमची मुलगी मापं लिहून आणते, त्यांतली आपल्याला अर्धी कळतात, अर्धी विचारावीत?

बरं, म्हटलं, खिडक्या चुकल्या तर चुकल्या, निदान हवा तरी फिरते का बघू. मी टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापल्या आणि आतून सगळीकडे चिकटवल्या, छताला, भिंतींना, अगदी जमिनीपासून वीतभरावरही. बाबांनी गाडी जोडली, आणि मी आत चार पायांवर. (रस्त्यावर नाही, काळजी करू नका. वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या आवारात, गोल गोल.) वरच्या पट्ट्या लग्नात नाचावं तशा नाचत होत्या. खालच्या पट्ट्या, मामा, हेडमास्तर समोर उभे असल्यासारख्या. एक हलली नाही. आणि मागच्या दाराखाली जी फट आहे ना, तिथली पट्टी हलली, पण आतल्या बाजूला! म्हणजे हवा पुढून येऊन मागून जायच्या ऐवजी मागून आत खेचली जात होती, आणि तिच्याबरोबर आमच्या गाडीचा सगळा धूर. पंधरा मिनिटांत माझं डोकं जड झालं, घशाशी आलं. मी पत्रा बडवला. बाबांना वाटलं मी ‘आणखी जोरात’ म्हणतेय. त्यांनी अजून दोन फेऱ्या मारल्या.

बाहेर आले तेव्हा मी रडत होते. धुराने नाही. मी पंधरा मिनिटं होते तिथे, मला दार बडवता येतं. ती सहा तास असणार होती.

वेल्डरदादा भिंतीला टेकून सगळं बघत होते. ते आले, आत वाकले, खालच्या पट्ट्या बघितल्या, दाराच्या फटीला हात लावला आणि म्हणाले, “खरंय, ताई.” बस. एवढंच. मी म्हटलं, मग कापा ना खाली, करा जाळी! तर मान हलवली. खालचा कमरेइतका पत्रा कापायचा नाही म्हणे, गाडीची ताकद तिथे असते, आणि हेही पुन्हा मोठ्या मिस्त्रींनीच शिकवलंय! एका माणसाच्या दोन म्हणींमध्ये माझी घोडी गुदमरतेय, आणि तो माणूस फोनवर हसतोय. सांगा, मी चिडू नको तर काय करू?

मामीला माझा नमस्कार. तुम्हाला अर्धा.

तुमची,
धाकटी भाची

ता. क. १. पत्र लिहिण्याचं कारण वर खोटं लिहिलंय. वेल्डरदादा म्हणतात, मोठ्या मिस्त्रींनी सांगितलं तर खालचा पत्रा उद्या कापतो, आतून आडव्या पट्ट्या मारून ताकद धरतो, मागची फटही बुजवतो. पण फोनवर नाही. “फोनवर आवाज कुणीही काढतं.” त्यांना तुमचं अक्षर पाहिजे. (कागदावर विश्वास नाही, तुमच्या कागदावर आहे! हे कुठलं लॉजिक?) सोबत माझ्या अकरा पानांतलं सातवं, खालच्या जाळीचं पान जोडलंय, चहाचा डाग तसाच ठेवलाय. त्यावर ‘काप’ एवढं लिहा, सही करा आणि लगेच पाठवा. तीस तारीख जवळ आलीय. वरचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

ता. क. २. आई म्हणते, सगळं लिहिलंस तर हेही लिही. वेल्डरदादांनी पहिल्या दिवशी मला सरळ विचारलं होतं, “आत कोण कोण बसणार?” आणि मी म्हटलं होतं, “आम्ही तिघं.” मी नेहमी तसंच म्हणते. ती खुर्ची त्यातून आली. त्यांना तुम्ही काही बोलू नका.

ता. क. ३. हे पाकिटात घालणार, तेवढ्यात सवय व्हावी म्हणून दोघांना शेडपाशी आणून ठेवलेल्या ट्रेलरमध्ये नेलं, दार सताड उघडं ठेवून. आज पहिल्यांदा राणीसरकार स्वतःहून चढली. सगळा ट्रेलर हुंगला आणि ऐसपैस आडवी झाली. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, श्वास शांत आहे ना, मग निवांत आहे ती, पण चालत्या गाडीत उभी राहील की अशीच पडून राहील, सांगता येत नाही. चिल्लर तिच्याशेजारी उभा आहे आणि मी त्या खुर्चीत बसून हे लिहितेय. माझ्या ड्रॉइंगमधली खालची जाळी जमिनीपासून दीड फुटावर आहे, मामा, आणि तिचं नाक आत्ता माझ्या चपलेवर आहे. तुम्हाला काय वाटतं, जाळी आणखी खाली आणली तर पत्रा धरेल का?