मीना व्हायचं राहिलं

६ फेब्रुवारी १९८३

पसंती आली! मुलाचं नाव श्यामसुंदर. बँकेत आहे, बोलतो कमी, हसतो बरा. पण खरं सांगू? नवरा मिळाला त्यापेक्षा नवं नाव मिळणार याचाच आनंद जास्त झालाय. लग्नात माहेरचं नाव पुसून दुसरं ठेवतात — सुटले मी! अवचिता, अवचिता... जन्मापासून हे ओझं वाहतेय.

७ फेब्रुवारी

रबाळ्याला ऑफिसात पेढे वाटले. नवे मॅनेजर म्हणाले, "अवचिता? म्हणजे काय हो?" झालं! आधी अर्थ सांगा, मग इतिहास. अवचिता म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेली. आई चाळिशीला टेकलेली, तिला वाटलं पित्त झालंय. ते पित्त म्हणजे मी. बाबांनी कौतुकाने नाव ठेवलं. पण ही गोष्ट पोरगी जन्मभर परक्या लोकांना कशी सांगेल, याचा विचार केला कुणी?

शेजारच्या टेबलावरून सफिया म्हणाली, "तुमचं बरं हाय गो. लग्नात नाव फुकट बदलून मिलतं. आमचं हाय ते कबरीपर्यंत!"

१३ फेब्रुवारी

माझ्यापुरतं ठरलं. मीना! सुटसुटीत. अर्थ कुणी विचारत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक एक मीना आहे. खालून "मीनाऽ" अशी हाक आली की तीन खिडक्या उघडतात. मला चौथी व्हायचंय. अडचण एवढीच, की नाव सासरचे ठरवतात.

२० फेब्रुवारी

श्यामसुंदरबरोबर खाडीकडे फिरायला गेले तेव्हा सांगून टाकलं. म्हणाला, "ते खातं आईकडे असतं." मग — "पण अवचिता छान आहे की." याला काय जातंय म्हणायला! याचं नाव कोण बदलणार आहे?

६ मार्च

घोटाळा! माझ्या होणाऱ्या सासूबाई अरुणाबाई घरी आल्या, चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "आमच्या घरात यापुढे सुनेचं नाव बदलायचं नाही. अवचिता ती अवचिताच." आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा तर उठून हातच जोडायला लागले. इतक्या मुली पुढारलेली सासू मिळावी म्हणून उपास करतात, आणि मिळाली कुणाला — मला!

८ मार्च

सोसायटीच्या महिला मंडळाने सासूबाईंना शाल-नारळ दिला. मला स्टेजवर बोलावून "आपल्या भावना" विचारल्या. रडले. टाळ्या पडल्या.

३ एप्रिल

धीर करून एकटीच सासूबाईंकडे गेले. म्हटलं, "आई, रागावू नका, पण मला मीनाच व्हायचंय."

त्या कैऱ्या चिरत होत्या. रागावल्या नाहीत. "हो की. लग्नात तांदळाचं ताट मांडू. तुझं नाव, तू ठरव." मी हुश्श केलं! मग कैरी चिरता चिरताच म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नव्हतं. माझं माहेरचं नाव पुतळा. इकडे आत्येसासूबाईही पुतळाच. वडील माणसाचं नाव घेऊन सुनेला हाक कशी मारायची? म्हणून तांदळात अरुणा लिहिलं. आता त्या जाऊनही किती वर्षं झाली. पण गेलेल्या बाईकडून नाव परत कसं मागायचं ते काही कळेना बघ." आणि हसल्या. "बरं, अरुणा तरी कोण म्हणतंय? आमच्या ह्यांचं अजून 'अगं, ऐकलंस का'च चाललंय."

मला काही हसता येईना.

१० एप्रिल

कागदभर मीना लिहून बघितलं. सही झकास येते. तरी मजा गेली.

९ मे

काल लग्न झालं. सासरी लक्ष्मीपूजनाला ताट आलं, तांदूळ पसरले. श्यामसुंदरने अंगठी धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी हळूच सांगितलं. तो गोंधळला. "नक्की?" म्हटलं, "लिहा!"

त्याने लिहिलं — पुतळा.

मी ताट उचललं आणि सासूबाईंपुढे ठेवलं. "हे तुमचं. माझं आहे ते राहू दे." भटजी म्हणाले, "असं कुठं असतं का!" कुणीतरी म्हणालं, मुलीला ऊन लागलंय, लिंबूपाणी द्या. सासूबाई अक्षरांकडे बघत राहिल्या. मग ताट मांडीवरच घेतलं आणि कुणाला उचलू देईनात. मामंजी आपले चष्मा पुसत बसले.

मीना मात्र गेली ती गेलीच. वाईट वाटलं. का नाही वाटणार? आज पहिल्याच दिवशी शेजारची विचारून गेली, "अवचिता? म्हणजे काय गं?" सांगितलं सगळं. पित्तासकट.

११ मे

सकाळी बाथरूमचं दार बंद, नळ सोडलेला. आत मामंजी — "पुतळा... पुतळा गं... अगं पुतळा..." सवय करत होते.

दाराबाहेर सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या. प्रत्येक हाकेला हळूच ओ देत होत्या.