कै. गेणबांस अंतिम नोटीस

मु. पो. चिंचओढे, ता. इंदापूर
अधिक ज्येष्ठ, शुक्रवार

राजमान्य राजश्री मोहनराव व्याहीसाहेब यांस, चिंचओढ्याहून रामहरीचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? त्या बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता की नुसतं कपाटात ठेवता? विहीणबाईंची साखर उतरली का? आमच्या वृषालीला सहावा सरत आला, तिचे पाय सुजतात असं फोनवर कळलं. तिला म्हणावं, पाय लोंबते ठेवून बसू नकोस. जावईबापू दिग्विजयराव मजेत असतीलच. त्यांची वकिली अलीकडं फार जोरात चालली आहे, हे आम्हाला हितं घरबसल्या जाणवतं. आमच्याकडं सगळं क्षेम आहे. आमची मंडळी, चंद्राबाई, गेले वीस दिवस माझ्याशी एका शब्दानं बोललेली नाही, त्यामुळं घरात शांतता आहे.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. तर फोन तुमच्या बैठकीत वाजतो आणि बैठकीत सगळे असतात. शिवाय गेल्या दोन महिन्यांत मला इतके कागद आले आणि मी इतकी उत्तरं लिहिली, की आता हाताला सवयच लागली. कारण काय ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर तुम्ही चष्मा काढून ठेवाल.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या गावाची नगरपंचायत झाली. त्या दिवशी आम्ही फटाके वाजवले (फटाके मी आणले होते, हे आता कुणाला सांगत नाही). ग्रामपंचायत होती तेव्हा रस्ता म्हणजे दोन घरांच्या मधली मोकळी जागा असायची. आता रस्त्याला रुंदी आली, नकाशा आला, आणि नकाशामागनं नियम आले.

आता हा जावईबापूंचा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला ताटात घरची कुरडई पाहिजे, विकतची नाही, हा चंद्राबाईचा कायदा, आणि तो नगरपंचायतीच्या कायद्याहून जुना आहे. म्हणून चैत्रातच तिनं दहा शेर गहू भिजत घातला. तीन दिवस पाणी बदललं, चीक काढला, पहाटे उठून शिजवला आणि सोऱ्यानं एकशे त्रेचाळीस कुरडया बाजेवर घातल्या. पूर्वी आमचं वाळवण अंगणातच व्हायचं. पण शेजारच्या दत्तोबानं दोन मजले चढवल्यापासून आमच्या अंगणात ऊन येत नाही (दत्तोबाला परवानगी मिळालेली आहे, ती कशी मिळाली हे विचारायला अर्ज करावा लागतो). ऊन पडतं ते दारापुढं, भिंतीपासून चार हातांवर. म्हणून तिनं बाज तिथं ओढली. बाजेचे दोन खूर आमच्या हद्दीत राहिले, दोन खूर सात इंच रस्त्यात गेले. सात इंच हे मी मोजलेलं नाही, त्यांनी मोजलं.

ह्या बाजेबद्दल तुम्हाला थोडं सांगायला पाहिजे. ती माझ्या वडलांनी, कै. गेणबांनी, स्वतःच्या बांधावरची बाभळ तोडून केली. वृषाली आठव्या महिन्यातच झाली, एवढीशी, मुठीएवढं तोंड. इंदापूरच्या डॉक्टरनं हात वर केले होते. तेव्हा वडलांनी दोन दिवस उकिडवं बसून बाज नव्या सुंभानं विणून काढली. खाली शेगडी, वर मायलेकी, असे चाळीस दिवस काढले. पोर जगली. वडील पुढच्याच वर्षी गेले. तेव्हा त्या बाजेनं माझी लेक वाचवली, असं चंद्राबाईचं ठाम मत आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही आहे. पुढच्या महिन्यात वृषाली बाळंतपणाला माहेरी येईल ती त्याच बाजेवर निजेल, हे तिच्या लग्नाआधीच ठरलेलं होतं. गादीचा पलंग आहे घरात, पण पलंगाखाली शेगडी ठेवली तर काय होईल ते तुम्ही जाणता.

तर नगरपंचायतीचा रतन नावाचा माणूस टेप घेऊन आला. मोजलं, फोटो काढला, म्हणाला, "तात्या, अतिक्रमण हाय. शंभर रुपये दंड." मी खिशातनं शंभराची नोट काढून पुढं केली. तो दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "हातात न्हाय घेता येत. प्रक्रिया हाय." मोहनराव, त्या दिवशी त्यानं ती नोट घेतली असती तर हे पत्र तुम्हाला आलं नसतं. पण माणूस प्रामाणिक निघाला आणि आमचं वाटोळं झालं. त्यानं पंचनामा केला, बाज ट्रॅक्टरवर चढवली आणि कुरडयांसकट नेली. पंचनाम्यात लिहिलं आहे: "पिवळसर, गोल, जाळीदार पदार्थ, नग १४३, ओलसर." चंद्राबाई ट्रॅक्टरमागं वेशीपर्यंत चालत गेली आणि ओरडत राहिली, "आरं, निदान उलटून तरी ठेवा रं, एका बाजूनंच वाळतील!"

मग नोटीस आली. ती माझ्या नावानं नव्हती, वडलांच्या नावानं होती. आमचं घर अजून त्यांच्याच नावावर आहे (वारसाची नोंद करायची करायची म्हणत पंचवीस वर्षं गेली, तलाठी बदलले, मी तोच). नोटिशीत लिहिलं होतं की गेणबांनी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा. मी साधा माणूस, उत्तर लिहिलं: वडील वारले, त्यांना येणं जमणार नाही, दंड मी भरतो. इथंच चुकलो. नगरपंचायतीनं बारामतीचे एक वकील नेमले आहेत आणि ठराव केला आहे की वकिलाचा सगळा खर्च कसूरदाराकडून वसूल करावा. त्यामुळं नोटीस काढायचे साडेचार हजार, आणि माझं उत्तर वाचायचे दीड हजार. (फी वाचनाची लागते. वाचन होतंच असं नाही, कारण त्याच फीत आलेल्या दुसऱ्या नोटिशीत पुन्हा गेणबांनाच बोलावलं होतं.) मी मृत्यूचा दाखला जोडून पाठवला. त्याच्या पडताळणीचे तीन हजार. मग "अंतिम संधी" म्हणून गेणबांना आणखी एक नोटीस, साडेचार हजार. वकीलसाहेबांनी जागेची पाहणी करायला माणूस पाठवला, त्याचा प्रवासखर्च अठ्ठावीसशे. आणि कुरडई नाशवंत माल आहे की टिकाऊ, ह्यावर त्यांचा लेखी सल्ला घेतला, पाच हजार. सल्ल्यात शेवटी लिहिलं आहे की निश्चित सांगता येत नाही. अहो, चंद्राबाईला विचारलं असतं तर तिनं फुकट सांगितलं असतं, वर दोन तळून दिल्या असत्या!

शेवटी मी ऑफिसात गेलो. तिथं अनिताबाई म्हणून क्लार्क आहेत, स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हिशोब दाखवला. माझे डोळे पांढरे झालेले बघून म्हणाल्या, "तात्या, दंड शंभरच हाय बघा. त्यात आमी एक रुपाया वाढवला न्हाय. बाकीचं सगळं वकिलाचं." मी म्हटलं, बाई, सगळे भरतो, बाज द्या. तर म्हणाल्या, "भरायचं त्ये मालकानंच भरायचं. गेणबांची सही लागंल. न्हायतर कोर्टाचा वारसदाखला आणा, सा म्हैन्यात मिळतो." सहा महिन्यांत माझं नातवंड हसायला लागलेलं असेल!

बाहेर पडताना मागच्या बाजूला बाज दिसली. तिच्यावर पहारेकरी रावजी घोरत पडला होता. कडेला डबा होता, त्यात कुरडया. मी मोजल्या, एकसष्ट भरल्या. अनिताबाई खाली मान घालून म्हणाल्या, "उंदरं लई झाल्यात." (ते उंदीर तळून खाणारे असावेत, कारण तेलाचा वास येत होता.) तक्रार करावी असं मनात आलं, पण तक्रार वाचायची फी आठवली आणि डब्याचं झाकण लावून निघालो. घरी येऊन चंद्राबाईला ऑफिसात काय काय झालं ते सांगितलं. तेव्हापासून ती बोलत नाही. तिचं म्हणणं, घर नावावर करून घे म्हणून ती पंचवीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती. ह्यावर उत्तर द्यायला हवं, पण आता मी उत्तरं लिहिणं सोडलं आहे.

असो. तुम्हाला आणि विहीणबाईंना पुन्हा नमस्कार. धोंड्याचं जेवण पुढच्या रविवारी ठरवलं आहे. सगळ्यांनी यायचं. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

आपला,
रामहरी

ता. क. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता नगरपंचायतीच्या आवारात बाजेचा लिलाव आहे. सरकारी बोली शंभर रुपये. "थकबाकीदार व त्याचे वारस यांस बोली लावता येणार नाही," असा नियम आहे. अनिताबाईंनी तो मला दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "यात व्याही कुठं लिवलेलं न्हाय हं तात्या." उरलेल्या कुरडया लिलावात नाहीत, त्या आपण घरी आणून देऊ, असंही म्हणाल्या. तेव्हा हे पत्र लिहायचं खरं कारण हे: मंगळवारी तुम्ही या, आणि पाच हजार झाले तरी बोली सोडू नका. पैसे माझे. नातवंड दोघांचं.

ता. क. दुसरा. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण लिहितो. पहिल्या चार कागदांवर सही नुसती गिचमीड होती, शिक्का पुसट होता. लिलावाच्या नोटिशीवर मात्र शिक्का ठसठशीत उठला आहे: ॲड. दिग्विजय मोहनराव, आणि पुढं तुमचंच आडनाव. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. जावईबापूंचा ह्यात दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा कारकून कागदांचे गठ्ठे आणतो आणि ते सह्या करतात, एवढंच. आमचं आडनाव अर्ध्या गावाचं आहे, आणि गेणबा म्हणजे कोण हे त्यांना कसं कळावं? (लग्नपत्रिकेत पहिल्याच ओळीत "कै. गेणबा यांची नात" असं छापलं होतं. पण ते कागद वाचत नाहीत हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.) त्यांना धोंड्याला चांदीचं निरांजन आणि कपडे करायला मी डाळिंब विकून आलेल्या पट्टीतले चोवीस हजार बाजूला ठेवलेत. लिलावाच्या नोटिशीचे तीन हजार धरून थकबाकीही जवळपास तेवढीच झाली आहे. म्हणजे पैसे त्यांनाच जायचे, फक्त धोंड्यातनं जायचे की नगरपंचायतीतनं, एवढंच ठरायचं आहे. जावयापुढं पैशाचं तोंड काढायचं नाही अशी चंद्राबाईची सक्त ताकीद आहे, म्हणून तुम्हाला लिहिलं. त्यांना काही बोलू नका. पोर दोन जिवांची आहे, घरात तंटा नको.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, "मामा, तुमच्याच गावात मंगळवारी एका बाजेचा लिलाव हाय. बाभळीची, जुन्या कामाची, फोटो बघितला मी. वृषालीच्या बाळंतपणाला लागंल, स्वस्तात जाईल. मी माणूस पाठवून घेऊन देतो, तुमी खर्चात पडू नका. कोण एक गेणबा हाय, लई तटलेला म्हातारा, दोन महिने झाले हजरच होत न्हाय." मोहनराव, सासऱ्यानं जावयाला काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं. तुमी म्हणाल तसं." फोन ठेवला आणि चंद्राबाईला सांगितलं, तर वीस दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. आधी हसली, मग रडली, मग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो:

"व्याहीबाबांस्नी लिवा, मंगळवारी गुडघा घिऊन येऊ नका. रविवारी या. जावयाचं ताट मी त्याच बाजंवर मांडनार हाय. उरलेल्या कुरडया अनिताबाई आणून देनार हायत, त्या वाढीन. पोटभर जेवू द्या, इडा खाऊ द्या. मग तुमी एवढंच इचारा, मामांच्या वडलांचं नाव काय व्हतं रं? बाकी आमी कायबी बोलनार न्हाय."