एक नंबरचं कार्ड

३ मार्च
आणखी दोन वाचनालयं गेली! कोणतं पुस्तक कुणाकडे, कधी परत येणार, हे सांभाळणारा यांचा प्रोग्राम चाळीस ठिकाणी चालायचा. राहिली अकरा. मोठी कंपनी आता प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा तसलाच प्रोग्राम घालूनच देते, तोही फुकट. आणि यांचा उघडला की लाल पट्टी — 'हा धोकादायक असू शकतो.' हे होते तेव्हा, तपासून परवानगी देतो म्हणून कंपनीने प्रोग्रामची आतली ओळ न् ओळ मागून घेतली होती. परवानगी आलीच नाही. हे मात्र गेले.

५ मार्च
कंपनीचा माणूस येऊन गेला. बोलायला गोड. प्रोग्राम विकत घेणार. घेऊन काय करणार? "बंद करणार." निदान खरं बोलला! अट एकच — पुढे कधीही तक्रार करायची नाही. वीस तारखेपर्यंत सही.
भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा होता तोवर ठीक होतं. मी दुरुस्त्या करून करून थकलो हो." खरंच आहे. स्वतःची नोकरी सांभाळून तीन वर्षं करताहेत.

९ मार्च
मी वाचायला शिकले लग्नानंतर, अक्षर अक्षर लावत. एका पुस्तकाला दोन-दोन महिने. यांनी पहिला प्रोग्राम कोपऱ्यावरच्या वाचनालयासाठी केला. उशीर झाला की वाचकाला आपोआप पत्र जायचं. एक नंबरच्या कार्डाला ते जाऊ नये अशी यांनी गुपचूप सोय केली. एक नंबर म्हणजे मी! "तुझं सावकाश चालू दे." मग ती ओळ काढायला विसरले, आणि प्रोग्राम तसाच सगळीकडे गेला. चाळीस ठिकाणचे एक नंबरवाले माझ्या जिवावर चैन करत होते! कळलं तेव्हा हे पोट धरून हसले. राहू दे म्हणाले.

१२ मार्च
यांनी आणून दिलेलं शेवटचं पुस्तक. वीस पानं उरलीत. संपलं की परत करावं लागेल.

१६ मार्च
सही करायची. भाऊजींना मोकळं करायलाच हवं.

१८ मार्च
कोपऱ्यावरच्या ग्रंथपालबाई रस्त्यात भेटल्या. नजर चुकवत होत्या. "काकू, रागावू नका. आम्हीही कंपनीचाच घेतला." म्हटलं, अहो, राग कसला! तर म्हणतात, "पण काहीतरी घोळ आहे त्यात. सगळ्या उशीरवाल्यांना पत्रं जातात. तुमचं पुस्तक तीन वर्षं बाहेर, आणि तुम्हाला एकही नाही!"
भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आले.

१९ मार्च
यांचा प्रोग्राम कधीच नव्हता, पहिल्यापासून कंपनीचाच आहे, अशा चार वाचनालयांना फोन केले. एक नंबरच्या कार्डाला पत्र जातं का हो? चारही ठिकाणी — नाही. यांचीच ओळ, त्यांच्या प्रोग्राममध्ये!
भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, दुरुस्त्या मी करतो. तुम्ही वकील बघा."

२० मार्च
सही केली नाही. वकीलबाईंनी पुस्तक पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलंय, परत करायचं नाही. वीस पानं तशीच.