नदीपलीकडचा हॉर्न

कारापूर,
सोमवार

प्रिय तनू,

एरवी मी 'चि. तनया' लिहितो. तुझी आई गेल्यापासून 'चिरंजीव' हा शब्द लिहायला हात धजत नाही.

अबोलीला बहर आलाय. पाणी मी घालतो, वेणी करणारं कुणी नाही. तुला आठवतं, गाईडातून उतरवलेलं रसग्रहण मी वर्गात टराटर फाडायचो? सातवीत तू कवितेतल्या संध्याकाळीला 'दिवा लावायला विसरलेली बाई' म्हटलंस. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, तरी उभं करून वाचायला लावलं. स्वतःचं लिही, चुकलं तरी चालेल, हे मीच शिकवलं ना?

गावच्या रुग्णगाडीसाठी तू केलेलं पहिलं ॲप तसंच होतं. नकाशा नाही, एक मोठं बटण. ते दाबायचं आणि पाहुण्याला सांगतो तसं बोलायचं: तळीवरून ये, फणसाकडे डावीकडे वळ, जयरामच्या मागचं घर. आवाज थेट गाडीत. आपल्याकडे पत्ता असाच सांगतात, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. पण देवळातल्या सभेत लोक हसले. मास्तर, नकाशा खंय? गुरुदास तर म्हणाला, हें ॲप न्हय, देवाक घातिल्लें गाऱ्हाणें! मग तू दुसरं केलंस, शहरातल्या टॅक्सीच्या ॲपसारखं, निळ्या ठिपक्याचं. महिन्याभरात ते घरोघरी पोचलं.

त्या दुपारी आईच्या छातीत कळ आली. मी नव्या ॲपचं बटण दाबलं. आपल्याकडे रेंज अर्धमेली. ठिपका नदीपलीकडे पडला, आणि माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. गाडीवाला बेळगावचा, नवा. तो ठिपक्यावर अचूक पोचला आणि पलीकडच्या काठावर हॉर्न वाजवत राहिला. आली हो गाडी, आई म्हणाली. तिला एकटी सोडून मी काठावर धावलो, हात हलवले. पुलावरून वळसा घालून गाडी दारात आली, तोवर सगळं संपलं होतं.

बाराव्याला लोक कुजबुजले, मुलीच्याच ॲपने आईचा घात केला. तू मान खाली घालून वाढत होतीस. मी गप्प बसलो. तनू, त्या पहिल्या सभेनंतर ठिपक्याचं ॲप तू नको नको म्हणत होतीस. सगळ्यांचं असतं तसं कर, हा हट्ट माझा होता. लोक हसले ते मला सोसलं नाही. रविवारी देवळात पुन्हा सभा आहे. हे पत्र मी तिथे उभा राहून वाचणार. त्याआधी तू वाचावंस, म्हणून लिहिलं.

तुझाच, त्या दिवशी तोंड न उघडलेला,
बाबा