दाराला लावलेलं जाळं

कोळीवाडा, रेवदंडा

चि. सौ. नीरा हिस गुणाजीदादाचा आशीर्वाद.

दाजींचा खोकला उतरला का? सासूबाईंच्या नाकाचं पाणी थांबलं का? रुचिताला पुन्हा सर्दी नाही ना? आणि तू? (तुझं नेहमीचं 'मला काय धाड भरलीय' मी धरणार नाही. नीट सांग.)

तुझ्या केसरवहिनीच्या कुशीतली कळ आम्ही आधी मुतखडा धरून चाललो आणि गावभरच्या कुळथाचं पाणी तिला पाजलं. मग सोनोग्राफीत किडनीवर गाठ निघाली. मुंबईत एकांनी किडनी काढायची तारीखही दिली. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी सुईनं तुकडा काढून तपासू. निघाला लिम्फोमा. हा कॅन्सर एरवी मानेत, काखेत गाठी करतो, हिच्या मात्र त्यानं थेट किडनीत बिऱ्हाड थाटलं. फार क्वचित होतं म्हणे. (बाजारातही कुणाकडे नसेल तेच ती उचलते.) अंगभर स्कॅन केलं, आणखी कुठे नाही. म्हणून कापाकापी रद्द, सलाईनमधून औषध सुरू. केस गेले, तोंडाची चव गेली, पांढऱ्या पेशी घसरल्या. बाईंनी बजावलं, ताप आला तर तडक आणा, आणि घरात गर्दी नको.

कोळीवाड्यात गर्दी नको! आजाऱ्याला बघायला न येणारा इथे वैरी. म्हणून मी ओटीच्या दाराला जाळं आडवं बांधलं. दुपारी डोळा उघडतो तर शेजारची आवडाबाई चौघींना घेऊन बसलेली, हातात सुया. "गुणाजी, जालं लय फाटलंय रं, सांगाचा तरी! दोरा आन." जाळं दिसलं की शिवायला बसायचं, ही आपल्या हाडातली खोड. शिवणं झालं, चहा झाला, आणि जाळ्याला नाक लावून पाचही जणी खोकत खोकत विचारतात, "केसर, बरी हाईस ना?"

संध्याकाळी हिला ताप भरला. त्यांच्यामुळे की पेशींमुळे, देव जाणे. तिचं डोकं मांडीवर घेऊन अलिबाग गाठेपर्यंत मी एकही थट्टा केली नाही, यावरून काय ते समज. ताप उतरला, घरी आणली. आता आवडाबाईच गल्लीच्या तोंडाशी बसून येईल त्याला हाकलते.

तेव्हा रागावू नकोस, पण तूही येऊ नकोस.

तुझा दादा,
गुणाजी

ता. क. : येत्या शुक्रवारी पुन्हा स्कॅन. औषध लागू पडलं की नाही ते कळेल. पोरगा केतन बोटीवर गेलाय. एकट्यानं मला ते ऐकवणार नाही. ये.

आणखी एक : वर सगळ्यांची चौकशी केली ती रीत म्हणून नव्हे. घरात कुणीही खोकत असेल तर तुला येता येणार नाही. फोन केला तर ही आतून ऐकते आणि म्हणते, "मी न्हाय भीत." भितो मी. म्हणून चिठ्ठी मुरुडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय. आवडाबाईनं जाळं सगळं शिवलं, पण डाव्या कोपऱ्यात तुझ्यापुरती फट मी पुन्हा उसवलीय. त्याच गाडीनं उत्तर धाड. खोकला आहे की नाही, एवढंच लिही.