दोनच घरं उरल्यावर

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतोय. ठिकाणावर नाही ते डोकं. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, काल पडलंच नाही. म्हणजे हिशेब बरोबर झाला म्हणायचा. फोन करावा तर टेकडी चढून एका विशिष्ट दगडावर उभं राहावं लागतं, आणि हे काही वाऱ्यात ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले, तर आता कुठून सुरुवात करू तेच कळत नाहीये.

मास्तर आणि मास्तरीणबाई गेले. तसे नव्हे गं, मुलाकडे राहायला गेले. वर गाडी येत नाही, त्यामुळे गाद्या, भांडी, मास्तरांची आरामखुर्ची, सगळं डोक्यावरून खालच्या रस्त्यापर्यंत पोचवलं. मास्तरीणबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि त्यांच्या कोंबड्या मला देऊन गेल्या. मी कोरडीच. घरी येऊन दार लावलं आणि मग ध्यानात आलं, एवढ्या मोठ्या पठारावर आता दोनच घरं. एक आपलं आणि एक ओढ्यापलीकडचं, बायको वारल्यापासून एकट्याच राहणाऱ्या तारवाल्यांचं.

आली ना कपाळाला आठी? बाबांची लेक तू. पठारावर वीज आली तेव्हा खांबावर चढणारा माणूस हाच. त्यानं पहिली तार स्वतःच्या घराला जोडली, आणि आपल्याकडे पुढचा सगळा हिवाळा कंदीलच. त्यावरून तुझ्या बाबांनी जो अबोला धरला, तो शेवटपर्यंत. मीही धरला. नवऱ्याच्या भांडणातलं निम्मं बायकोच्या वाट्याला येतंच. बाबांना न्यायचं होतं त्या दिवशी माणसं कमी पडली, तेव्हा तारवाले न बोलावता आले, खांदा दिला आणि न बोलता परत गेले. तू तेव्हा शुद्धीत नव्हतीस, तुला आठवत नसेल.

तर मास्तर गेल्यावर थोड्याच दिवसांनी धुकं उतरलं. सकाळी बकरी दिसेना म्हणून मी शोधायला निघाले, आणि काय सांगू, माझ्याच पठारावर मी हरवले. जिथे डोळे मिटून चालले असते तिथे उघड्या डोळ्यांनी काही सुधरेना. हाका मारल्या. पण हाक ऐकणारं आहे कोण, हे हाक मारल्यावर सुचलं. तेवढ्यात पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज यायला लागला. थांबून थांबून, पण सारखा. आवाजाच्या मागे मागे गेले तर तारवाल्यांच्या अंगणात पोचले. हा माणूस हातात पाना घेऊन तेलाचा रिकामा डबा बडवत उभा. म्हणाले, "तुमच्याकडे चूल पेटली की धुक्यातसुद्धा वास येतो. आज आला नाही." आणि बकरी त्यांच्याच दारात पाला खात होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "ही तुमच्याआधीच आली. हिला अबोल्याचं कुणी सांगितलेलं दिसत नाही."

मला हसू आलं, चिमणे. मग हसले याचाच राग आला. त्या रागाच्या भरात मी विचारूनच टाकलं, की बाबा रे, तेव्हा तार आधी तुझ्याकडे का नेलीस? मला वाटलं आता कारणं सांगतील. इतक्या वर्षांत मी त्यांची सगळी कारणं मनातल्या मनात खोडून ठेवली होती. तर म्हणाले, "हाव सुटली. बायकोला एकदा दिवा लावून दाखवायचा होता. चुकलंच माझं." झालं. इतकी वर्षं कंबर कसून बसलेली मी, आणि समोरचा पहिल्याच वाक्याला आडवा. आता या रागाचं करायचं काय? फेकवत नाही आणि ठेवायला जागाही नाही.

तेव्हापासून त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातलं बटण झटका देत होतं, ते त्यांनी बदललं. मी डब्यातून भाजी दिली. डबा परत आला तो घासून लख्ख. तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात पेलासुद्धा विसळला नाही. असं मनात आलं की मी लगेच त्यांच्या फोटोपुढे जाऊन उभी राहते. फोटोत ते हसतायत की दात आवळतायत, हे आजवर मला स्वच्छ कळत होतं. आता तेही कळेनासं झालंय. आणि मला सवय झाली आहे ती या माणसाची की कुठल्याही माणसाची? पठारावर दुसरा कुणी उरला असता, तर त्याचीही झाली असती का? तू शिकलेली आहेस, तू सांग.

आता खरं काय ते लिहिते. मंगळवारी तारवाले डोक्यावर खाट घेऊन ओढा ओलांडून आले. अंगणात उतरवली, घाम पुसला आणि म्हणाले, "दोन माणसांना दोन चुली कशाला? धुकं दर वर्षी येणार, आणि माझा हात आता दुखतो डबा बडवून. पण लेकीला विचारा. ती नाही म्हणाली तर खाट उचलून परत नेतो, वाकडं वाटून घेणार नाही." मी म्हटलं, विचारते. म्हणून हे पत्र. ते खाली रस्त्यावर नेऊन टपालात टाकायला तारवालेच बाहेर पायरीवर बसलेत. आत काय लिहिलंय ते विचारत नाहीत, नुसतीच चप्पल पुनःपुन्हा झटकतायत. तू हो म्हणालीस तर प्रश्नच नाही. नाही म्हणालीस तर आई म्हणून तुझं ऐकायला हवं, हेही मला कळतं. पण दव पडतं म्हणून ती खाट मी त्याच संध्याकाळी आत घेतली, आणि ती परत बाहेर काढायचा विचार अजून एकदाही माझ्या मनाला शिवलेला नाही. तुला विचारतेय की नुसतं कळवतेय, ते तूच वाचून ठरव आणि मला लिही.

तुझीच,
या वयात गोंधळलेली
आई